‘सेवा करा’ म्हणजे नेमकं काय करा?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेलं भाषण)



कार्यकारिणीने बोलायला सांगितलं तेव्हा विषय आम्हीच सुचवला, आणि पहिला विरोध आमच्याच घरातून झाला. आई म्हणाली, “अरे, गणपतीचे दिवस. लोक आरतीला येतात, प्रसादाला येतात. तिथे मरणाच्या गोष्टी कसल्या सांगता?” आईचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण आमचा विषय मरणाचा नाही, मरणाआधीच्या दिवसांचा आहे. गणपती दीड दिवसाचा असो की दहा दिवसांचा, तो जाणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. म्हणून आपण नैवेद्यात कमी करतो का? उलट निघताना दही-पोह्यांची शिदोरीही बांधून देतो. घरातलं माणूस जाणार हे कळलं की मात्र आपले हातपाय गळतात. त्या दिवसांत काय करायचं हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं, आणि आपणही विचारलेलं नसतं.

‘आम्ही’ म्हणजे रामबागेतलं आमचं घर. दोघे भाऊ, दोघी जावा, मुलं आणि आई. घरात कोणी डॉक्टर नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि राज्य शासनाची नोकरी, एवढंच आमचं भांडवल. तेव्हा आज जे सांगू ते दोन आजारपणांत जे भोगलं आणि त्यानंतर जे वाचून, विचारून समजून घेतलं, तेवढंच. औषधाच्या बाबतीत डॉक्टरांचाच शब्द अखेरचा.

पहिलं आजारपण बाबांचं. 2015 साल. बाबा विद्युत मंडळातून निवृत्त झालेले, सकाळी फिरायला जाऊन येताना पोहे-जिलबी बांधून आणणारे. पाठीत दुखायला लागलं, मग कावीळ झाली, आणि तपासण्यांत स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. तो पसरलेला होता. डॉक्टरांनी दोघा भावांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, “अब घर ले जाइए. सेवा कीजिए.”

हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. डॉक्टर वाईट नव्हते. बाहेर शंभर माणसं बसलेली होती. पण त्या दिवशी आम्ही जिना उतरलो ते एकच प्रश्न घेऊन. सेवा करा म्हणजे नेमकं काय करा? पाय चेपायचे? मोसंबीचा रस द्यायचा? दुखायला लागलं तर काय द्यायचं? रात्री दोन वाजता श्वास लागला तर कोणाला फोन करायचा? या प्रश्नांचं उत्तर त्या कागदावर नव्हतं.

पुढचे सहा आठवडे बाबा घरी होते आणि त्यांच्या वेदना साध्या गोळ्यांना दाद देत नव्हत्या. ते खांद्यावरचा पंचा दातांत धरायचे. मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही दुपारी रेडिओ मोठ्याने लावून ठेवत होतो. मग एका रात्री श्वासाची लय बदलली, घशात घरघर सुरू झाली, आणि आम्ही घाबरलो. रुग्णवाहिका बोलावली. आयसीयू, व्हेंटिलेटर, पाच दिवस. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं, तेही एकेकाने आत जायचं. नळी ओढू नये म्हणून हात बांधलेले. चौथ्या दिवशी बाबांनी उजव्या हाताची बोटं लिहिल्यासारखी हलवली. आम्हाला वाटलं, हात दुखतोय. आम्ही हात चोळून दिला. पाचव्या पहाटे फोन आला. आम्ही फाटकापाशी पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं.

त्यांना काय लिहायचं होतं, हे आजही आम्हाला माहीत नाही.

आम्ही कोणाला दोष देत नाही. आम्हीच नेलं, आम्हीच सह्या केल्या. आयसीयू वाईट, असंही आम्ही म्हणत नाही. अपघात, हृदयविकाराचा झटका, न्यूमोनिया, अशा प्रसंगी आयसीयूतून माणसं चालत घरी येतात. पण जिथून परत येणं शक्य नाही अशा आजारात शेवटचे पाच दिवस काचेआड घालवायचे की माणसांत, हा प्रश्न आमच्यासमोर कोणी ठेवला नाही. आम्हीही तो विचारला नाही.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. दोन शब्द आपण ऐकतो, पॅलिएटिव्ह केअर आणि हॉस्पिस. पॅलिएटिव्हच्या मुळाशी ‘पॅलियम’ हा लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ अंगावर घ्यायचं वस्त्र, आपल्या भाषेत शाल. थंडी घालवता आली नाही तरी शाल पांघरता येते, तसंच हे. आजार बरा होवो न होवो, वेदना, धाप, मळमळ, झोप न येणं, भीती, घरच्यांची ओढाताण, यांवर उपाय करायचे. मराठीत याला वेदनाशमन किंवा उपशामक शुश्रूषा म्हणतात. ही सेवा आजाराचं निदान झालं त्या दिवसापासून, केमो किंवा इतर उपचार चालू असतानाच, सुरू करता येते. हॉस्पिस हा तिचाच शेवटचा टप्पा. आजार बरा करण्याचे उपचार थांबवायचं ठरलं की उरलेले दिवस शक्य तितके सुखाचे जावेत म्हणून केलेली व्यवस्था. ती एखाद्या शुश्रूषागृहात होऊ शकते आणि घरीही होऊ शकते. आणि ती फक्त कर्करोगासाठी नाही. निकामी होत चाललेलं हृदय, मूत्रपिंड, फुप्फुस, अर्धांगवायू, स्मृतिभ्रंश, अशा सगळ्या रोग्यांसाठी आहे.

एक गैरसमज इथेच दूर करू. हॉस्पिस म्हणजे इच्छामरण नव्हे. तिथे मरण लवकर आणत नाहीत आणि ओढूनताणून लांबवतही नाहीत.

या कामाचा आजचा पाया घातला तो सिसिली सॉन्डर्स या इंग्रज बाईंनी. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या, आणि मरणाऱ्या माणसांच्या वेदनांकडे कोणी लक्ष देत नाही हे पाहून पुढे डॉक्टर झाल्या. 1967 मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं. त्यांचं म्हणणं असं की वेदना एकट्या शरीराची नसते. शरीर दुखतं, मन घाबरलेलं असतं, घरच्यांची आणि पैशाची काळजी असते, आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्नही असतो. चारही गोष्टींकडे पाहिलं तरच वेदना कमी होते. बाबांची आठवण काढून पाहिलं की हे अगदी पटतं. त्यांची पाठ दुखत होती, पण धाकट्या बहिणीशी बारा वर्षं धरलेला अबोलाही दुखत होता. आम्ही फक्त पाठीला मलम लावत राहिलो.

आपल्या देशात पहिलं हॉस्पिस निघालं ते मुंबईत. 1986 मध्ये वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर, डॉ. एल. जे. डिसूझा यांनी ‘शांती आवेदना सदन’ सुरू केलं. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतल्या रोग्यांना, कोणत्याही जातिधर्माचे असोत, तिथे विनामूल्य ठेवून घेतात. पुढे गोव्यात लोटलीला आणि दिल्लीलाही त्यांची केंद्रं झाली. पुण्यात वारज्याला 1997 मध्ये सिपला पॅलिएटिव्ह केअर सेंटर सुरू झालं, तेही विनामूल्य. नागपुरात ‘स्नेहांचल’ आहे. आणि केरळात तर ही लोकचळवळच झाली. 1993 मध्ये कालिकतला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोट्याशा केंद्रापासून सुरुवात केली. गल्लीगल्लीतले साधे लोक, शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी, थोडं शिक्षण घेऊन रोग्यांच्या घरी जायला लागले. 2008 मध्ये केरळ सरकारने यासाठी स्वतंत्र धोरण केलं. राजगोपाल यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली.

आता वेदनेबद्दल. 1986 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी एक शिडी सांगितली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं. त्यांनी भागलं नाही तर दुसऱ्या पायरीवर कोडीनसारखी. तीव्र वेदनेला तिसरी पायरी, मॉर्फिन. सोबत एक महत्त्वाचा नियम, औषध घड्याळाप्रमाणे द्यायचं. दुखेल तेव्हा द्यायचं नाही, दुखू नये म्हणून द्यायचं. बाबांना आम्ही नेमकं उलट करत होतो. “अजून थोडं सहन होतंय का बघा” म्हणत गोळी लांबवत होतो.

मॉर्फिन म्हटलं की आपण दचकतो. ‘अफू देणार? सवय लागेल. आता शेवट आला.’ पण योग्य तपासणी करून, योग्य मात्रेत, वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. सुरुवातीला मळमळ होते, एकदोन दिवस गुंगी राहते. बद्धकोष्ठ मात्र बहुधा होतंच, म्हणून त्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यावं लागतं. शेवट आला म्हणून मॉर्फिन देत नाहीत, वेदना तेवढी आहे म्हणून देतात.

आणि आपण माळव्यातली माणसं. मॉर्फिन येतं कुठून? मंदसौर, नीमच, रतलामच्या शेतांतून. सरकारचा पट्टा घेतलेले शेतकरी फेब्रुवारी-मार्चमध्ये खसखशीच्या हिरव्या बोंडांना चिरे लावतात आणि सकाळी पाझरलेला चीक खरवडून घेतात. नीमचला केंद्र सरकारचा अफू आणि अल्कलॉइडचा कारखाना आहे, देशात असे दोनच, दुसरा गाझीपूरला. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची आणि त्या व्यापारावर आपल्या इंदुरातल्या पेढ्या श्रीमंत झाल्या. म्हणजे ज्या मातीत हे औषध पिकतं तिथून एका दिवसात जाऊन परत येता येईल एवढ्या अंतरावर बाबा पंचा दातांत धरून पडले होते.

असं का झालं? कारण 1985 मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा आला. तो तस्करांसाठी होता, पण धास्ती घेतली औषधाच्या दुकानांनी आणि रुग्णालयांनी. मॉर्फिन ठेवायला निरनिराळे परवाने लागायचे, एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. आम्ही सरकारी कचेरीतली माणसं, नस्ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कशी जाते ते आम्हाला वेगळं सांगायला नको. डॉक्टरांनी लिहून देणंच सोडलं आणि मॉर्फिन कसं वापरायचं हे न शिकलेल्या डॉक्टरांची एक पिढी तयार झाली. 2014 मध्ये संसदेने हा कायदा सुधारला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. तेव्हा तीव्र वेदना असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, “मॉर्फिन देता येईल का? तुमच्याकडे नसेल तर कुठे मिळेल?” विचारण्यात कमीपणा नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. रोग्याला सांगायचं की नाही?

आम्ही बाबांना अल्सर आहे म्हणून सांगितलं होतं. ज्या रुग्णालयात नेत होतो त्याच्या पाटीवर हातभर अक्षरांत ‘कॅन्सर’ लिहिलेलं होतं आणि बाबा रिक्षातून उतरून त्या पाटीखालून आत जात होते. तरी आम्ही म्हणत होतो, अल्सर. त्यांनी एकदाही उलट विचारलं नाही. आम्हाला वाटलं, आपण छान सांभाळलं. ते गेल्यावर महिन्याभराने पेन्शनच्या कागदांसाठी त्यांची डायरी उघडली. ठेवींचे नंबर, लॉकरची किल्ली कुठे आहे, सगळं लिहिलेलं होतं, आणि खाली एक ओळ, ‘हिला सांगू नका, मला कळलं आहे.’

म्हणजे आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आईपासून लपवत होते. एकाच खोलीत बसून सगळे नाटक करत होतो. त्या नाटकापायी धाकट्या आत्याला बोलावणं राहून गेलं. ‘अल्सर’साठी बहिणीला बोलावून घ्या, असं बाबा तरी कसं म्हणणार?

सगळं एका दमात सांगून टाका, असं कोणी म्हणत नाही. या क्षेत्रातली जाणती माणसं सांगतात की रोग्यालाच विचारावं, “तुम्हाला आजाराबद्दल काय वाटतं? काय काय जाणून घ्यायचंय?” मग तो जेवढं विचारेल तेवढं खरं सांगावं. खोटं सांगू नये. आणि “काही नाही, बरं होईल” असं म्हणून त्याचं तोंड बंद करू नये.

दुसरं आजारपण काकूचं. 2022 साल. काका आधीच गेलेले. चुलतबहीण पुण्याला, चुलतभाऊ अमेरिकेत. काकू उपचारासाठी पुण्याला मुलीकडे होती. आजार यकृतापर्यंत पोचला आणि केमो झेपेना, तेव्हा डॉक्टरांनीच वारज्याच्या केंद्राचं नाव सुचवलं. काकू तिथे दोन आठवडे राहिली. तिथे रोग्यासोबत घरचं माणूस राहतं आणि त्यालाही शुश्रूषा शिकवतात. आमची बहीण आणि इंदुराहून गेलेली धाकटी जाऊ, दोघी तिथे शिकल्या. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, शय्याव्रण होऊ नये म्हणून पाठ, माकडहाड आणि टाचा रोज कशा पाहायच्या, कोरडं पडलेलं तोंड ओल्या कापसाने कसं पुसायचं, मॉर्फिनची वही कशी ठेवायची.

वेदना आवाक्यात आल्यावर काकू म्हणाली, “मला रामबागेत न्या.” डॉक्टरांशी बोलून, औषधं बरोबर घेऊन, धुळ्याला मुक्काम करत तिला घरी आणली. इथल्या एका डॉक्टरांनी जबाबदारी घेतली. पुढे सदतीस दिवस ती आमच्या मधल्या खोलीत होती. पलंग भाड्याचा, हवेची गादी शेजाऱ्यांकडून मागून आणलेली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका शनिवारी लक्षात आलं की गोळ्या रविवारपुरत्याच आहेत. आमची चांगलीच धावपळ झाली. तेव्हापासून नियम केला, पाच दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढची सोय करायची. जेवणावरून वाद झाला. काकू दोन चमच्यांवर आली आणि आई म्हणाली, “उपाशी कसं ठेवता तिला?” डॉक्टरांनी आईला समजावलं, शरीर आवरतं घ्यायला लागलं की भूक आपोआप जाते. न खाल्ल्याने माणूस जात नाही, जायला निघालेला असतो म्हणून खात नाही. जबरदस्तीने भरवलं तर ठसका लागून घास श्वासनलिकेत जातो. त्यानंतर आई रोज फक्त चमचाभर कोकमाचं सार ओठांना लावायची. काकूला ते आवडायचं.

चुलतभावाचे फोन यायचे, “आयसीयूत का नेत नाही? पैसे मी पाठवतो.” त्याचं चुकत नव्हतं. तो लांब होता आणि लांबच्या माणसाला पैसे पाठवणं एवढंच हातात असतं. एके दिवशी काकूनेच फोन घेतला आणि त्याला म्हणाली, “पैसे नको पाठवूस, तू ये.” तो आला. नऊ दिवस राहिला. रात्रीची मॉर्फिनची वही त्यानेच सांभाळली.

शेवटच्या रात्री काकूच्याही घशात घरघर सुरू झाली. बाबांच्या वेळी याच आवाजाने आम्ही रुग्णवाहिका बोलावली होती. यावेळी डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, “असा आवाज येईल, श्वासात मोठी मोठी अंतरं पडतील, हातपाय गार होतील. बघणाऱ्याला भीती वाटते, पण रोग्याला बहुतेक वेळा त्याचा त्रास होत नसतो. कुशीवर वळवा आणि मला फोन करा.” आम्ही कुशीवर वळवलं आणि फोन केला. सकाळी सहाच्या सुमारास ती गेली. सगळे खोलीत होतो. डॉक्टर तिला नियमित पाहत होते, त्यामुळे मृत्यूचा दाखलाही अडला नाही. घरी शुश्रूषा करणार असाल तर ही व्यवस्था आधीच करून ठेवा, नाहीतर त्या प्रसंगी धावाधाव होते.

तेराव्याला एका नातेवाइकांनी हळू आवाजात विचारलं, “शेवटी दवाखान्यात नाही नेलं? खर्चाचा प्रश्न होता का?” आमच्याकडे उत्तर होतं, पण तोंडातून फुटलं नाही. खरं सांगायचं तर आजचं हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. बाबांना आयसीयूत नेलं तेव्हा आम्हाला कोणी काही विचारलं नव्हतं. उलट ‘मुलांनी काही कमी केलं नाही’ असं लोक म्हणाले होते. आपण सेवेचं मोजमाप बिलावरून करतो. ही सवय आपल्या समाजाने सोडली पाहिजे.

सेवा कशी असते ते पाहायचं तर मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांकडे पाहावं. अरुणा शानबाग ही त्यांची सहकारी 1973 मधल्या हल्ल्यानंतर 2015 पर्यंत, चार दशकांहून अधिक काळ, अंथरुणाला खिळून होती. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, सेवा थांबली नाही. 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचं कौतुक केलं. त्याच निकालाने आपल्या देशात या विषयाचं दार उघडलं. पुढे 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मान्य केलं की सन्मानाने मरण येणं हाही जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ‘लिव्हिंग विल’ म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र कायदेशीर ठरवलं. शुद्धीत असताना माणूस लिहून ठेवू शकतो की बरं होण्याची आशा नसेल आणि मला बोलता येत नसेल, तर कृत्रिमपणे लांबवणारे उपचार मला नकोत, आणि माझ्या वतीने अमुक व्यक्तीने बोलावं. आधी यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. जानेवारी 2023 मध्ये ते सोपं झालं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. उपचार थांबवायचे की नाही ते डॉक्टरांची मंडळं तपासून ठरवतात, त्यामुळे कोणी गैरफायदा घेईल ही भीतीही कमी. घराचं, ठेवींचं मृत्युपत्र आपण करतो. हा एक कागद त्यासोबत करून ठेवावा. आमच्या घरात सगळ्यात आधी आईने केला. “चला, एकदाचं ठरलं,” म्हणून ती पुन्हा वाती वळायला बसली.

सरकारची योजनाही आहे. 2012 पासून पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची आणि उपशामक शुश्रूषा लिहिलेली आहे. कागदावरची सेवा दारापर्यंत यायची तर कोणीतरी खिडकीवर जाऊन मागावी लागते. सरकारी नोकर म्हणून आम्ही एवढं नक्की सांगू की ज्याची मागणी होत नाही ती नस्ती पुढे सरकत नाही.

शेवटी आपल्या मंडळासाठी चार सूचना. एक, एक कपाटभर साहित्य ठेवू, खालीवर होणारा पलंग, हवेची गादी, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची. पुष्कळ घरांत माळ्यावर पडलेलं आहे, तेच आणून द्या. काकूची घेतलेली व्हीलचेअर आम्ही आजच घेऊन आलो आहोत, ती बाहेर व्हरांड्यात ठेवली आहे. दोन, वेदनाशमनाचं काम करणाऱ्या, घरी येणाऱ्या डॉक्टरांची आणि परिचारिकांची यादी करू. तीन, दहा स्वयंसेवक. त्यांनी काही विशेष करायचं नाही. आजारी माणसाजवळ आठवड्यातून दोन तास बसायचं, म्हणजे घरच्या बाईला बँकेत जाता येईल, किंवा नुसतं झोपता येईल. रोग्याला बघायला येणारे पुष्कळ असतात, “काय म्हणतायत डॉक्टर?” विचारून चहा घेऊन जातात. सेवा करणाऱ्याला “तू जेवलीस का?” विचारणारा क्वचित भेटतो. चार, ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह केअर दिन असतो. त्या दिवशी एखाद्या जाणकार डॉक्टरांना इथे बोलावू आणि आमच्यापेक्षा नीट समजावून घेऊ.

आपल्या इंदुराने स्वच्छतेत देशाला धडा घालून दिला. अवयवदानासाठी इथे रस्ते मोकळे ठेवून ग्रीन कॉरिडॉर केले जातात आणि लोक रस्त्याच्या कडेला उभे राहतात. मग हेही आपल्याला जमेल.

पुन्हा कोणी डॉक्टर तुम्हाला म्हणाले, “घर ले जाइए, सेवा कीजिए,” तर लगेच उठू नका. बसा आणि विचारा. दुखलं तर काय द्यायचं? श्वास लागला तर काय करायचं? रात्री कोणाला फोन करायचा? आणि घरी गेल्यावर आपल्या माणसाजवळ कागद-पेन ठेवा. त्याला काही लिहायचं असेल.



गणपती बाप्पा मोरया!